डावरा आणि वर दोन बॉल

सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षक आहे. मैदानाच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो, त्यामुळे शिट्टी जोरात फुंकावी लागते. पावसाळ्यात काळी माती बुटांना अशी धरते, की दहा मिनिटांत पोरं बूट काढून भिंतीला लावतात आणि अनवाणी खेळतात.

नववीच्या पोरांची मी चार गटांत फुटबॉलची लीग घेतो. गेल्या वर्षी लीग निम्म्यावर आली असताना लाल आणि निळ्या गटाचे कप्तान माझ्याकडे आले. त्यांना अदलाबदल करायची होती. लाल गटातला उंच पोरगा, ज्याला सगळे लंबू म्हणतात, तो निळ्यांना हवा होता. त्याच्या बदल्यात ते आपला डावरा, म्हणजे डाव्या पायाने खेळणारा पोरगा, द्यायला तयार होते. लालचा कप्तान अडून बसला, "लंबूच्या बदल्यात नुसता डावरा व्हय बे? वर काय देतो?" शेवटी वर म्हणून सरावाचे नवे दोन बॉल महिनाभर लाल गटाने वापरायचे, असं ठरलं. मी परवानगी दिली. अट एवढीच घातली, की लीग संपल्यावर कुणाचा फायदा जास्त झाला ते मी ठरवणार, आणि ज्याचा कमी झाला त्याला पुढच्या लीगमध्ये खेळाडू निवडण्याचा पहिला मान. डावऱ्याला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

अंतिम सामना शनिवारी सकाळच्या शाळेनंतर झाला. लाल विरुद्ध निळे. लालने १-० ने जिंकला. सामना संपल्यासंपल्या दोन्ही कप्तान माझ्यामागे साहित्याच्या खोलीत आले, त्यांच्यामागे निम्मे खेळाडू. मी गोलांचं रजिस्टर काढलं. अदलाबदलीनंतरचे चार सामने: लंबूचे ५ गोल, डावऱ्याचा १. मी म्हटलं, हिशेब सरळ आहे. पाच गोलांचा खेळाडू निळ्यांना मिळाला, फायदा त्यांचा. पहिला मान लाल गटाला.

लालची पोरं ओरडली. डावरा दारात उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल. त्याच्या घरी तेलुगू बोलतात, मराठी तो जपून बोलतो. तो म्हणाला, "सर, मी अडवलेले त्यात कुठं लिहिलेत?"

मी रजिस्टर पाहिलं. त्यात अडवलेल्या बॉलांचा रकानाच नव्हता. तासाभरापूर्वीच लालच्या डाव्या बॅकच्या, म्हणजे मागे डावीकडे बचाव करणाऱ्याच्या, पायात गोळा आला होता, आणि शेवटची वीस मिनिटं हा पुढे खेळणारा पोरगा स्वतःहून मागे जाऊन बॅकला खेळला होता. निळ्यांची प्रत्येक चाल त्या बाजूला मोडली. मी शिट्टी तोंडात धरून ते सगळं पाहिलं होतं, आणि निकाल देताना त्यातलं काहीच मोजलं नव्हतं.

मला एकदम २०१० चा एप्रिल आठवला. बाहेर पन्नास माणसं झोपतील अशी गच्ची सोडून मी उकाड्यात, रात्री सव्वाबारापासून टीव्हीसमोर बसलो होतो. पोरांना म्हटलं, बसा खाली. कुस्तीच्या मॅटवर सगळे बसले.

जुलै २००९ मध्ये स्पेनच्या बार्सिलोना क्लबने इटलीच्या इंटर मिलान क्लबकडून इब्राहिमोविच हा उंच, गोल करणारा खेळाडू घेतला. बदल्यात सॅम्युएल एटो दिला, आणि वर सुमारे ४ कोटी ६० लाख युरो. एटो म्हणजे कोण? दोनच महिन्यांपूर्वी रोममध्ये चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात बार्सिलोनाचा पहिला गोल करणारा. तरी सौद्यात त्याची किंमत कमी धरली गेली. मी डावऱ्याकडे पाहिलं नाही, पण पोरं पाहू लागली होती.

आता माझ्या रजिस्टरच्या पद्धतीने मोजा. त्या मोसमात इब्राहिमोविचने स्पॅनिश लीगमध्ये १६ गोल केले, एटोने इटालियन लीगमध्ये १२. नोव्हेंबरमध्ये रेआल माद्रिदविरुद्धचा एकमेव गोल इब्राहिमोविचचाच. बार्सिलोनाने ९९ गुणांनी लीग जिंकली. रजिस्टर बार्सिलोनाच्या बाजूने बोललं असतं.

पण चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत हेच दोन संघ समोरासमोर आले. मिलानमध्ये इंटर ३-१ ने जिंकला. २८ एप्रिलला बार्सिलोनातल्या परतीच्या सामन्यात अठ्ठाविसाव्या मिनिटाला इंटरचा थियागो मोट्टा लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. उरले दहा. आणि एटो, जगातल्या अव्वल गोल करणाऱ्यांपैकी एक, तासभर स्वतःच्या गोलजवळ डाव्या बॅकसारखा राबला. त्या रात्री त्याने गोल केला नाही. इब्राहिमोविचला तासाभरानंतर बाहेर बोलावलं. बार्सिलोनाच्या पिकेने एक गोल मारला, तेवढा पुरला नाही. दोन्ही सामने मिळून इंटर ३-२ ने पुढे गेला आणि २२ मे रोजी माद्रिदमध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिकला हरवून चषक जिंकला. इटलीतली लीग, तिथला कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही एकाच वर्षी. एटोचं तर हे लागोपाठ दुसरं वर्ष, दोन वेगळ्या संघांकडून.

वरचे पैसे मिळाले त्याच उन्हाळ्यात इंटरने स्नायडर आणि लुसिओ हे खेळाडूही आणले, हेही सांगितलं. इकडे बार्सिलोनाने वर्षभरानेच इब्राहिमोविच एसी मिलानला, म्हणजे मिलानमधल्याच दुसऱ्या क्लबला, दिला, पुढे २ कोटी ४० लाख युरोंत घ्यायचा या बोलीवर. एटो गेला तो गेलाच. मी म्हटलं, माझा निकाल मी मागे घेतो. फायदा लाल गटाचा जास्त झाला. पहिला मान निळ्यांना.

यावर आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. झाला नाही, कारण सगळ्यांचं लक्ष लंबूकडे गेलं. तो मॅटचा कोपरा उकरत होता. "म्हंजे माझ्यामुळं हरलो काय, सर?"

या प्रश्नाची माझी तयारी नव्हती. मी पुन्हा रजिस्टर उघडलं. त्याच्या पाच गोलांपैकी चार एकट्या पिवळ्या गटाविरुद्धचे, गोलसमोरच्या गर्दीतले. हेडरने एकही नाही. हेडरने गोल व्हायला डावीकडून उंच क्रॉस यायला हवा, आणि आमच्या नववीत तसा क्रॉस एकाच पायातून येतो. निळ्यांनी उंच पोरगा आणला आणि त्याच्या डोक्यावर बॉल टाकणारा तोच पाय देऊन टाकला. हे मला अदलाबदलीच्या दिवशीच दिसायला हवं होतं. दुसरं असं, की निळ्यांचा कप्तान मागून धावत नेमका मधोमध शिरतो, आणि आता तिथे लंबू उभा असायचा. बार्सिलोनातही असंच झालं होतं: मेस्सीला मध्यभागी यायचं होतं आणि ती जागा भरलेली होती. इब्राहिमोविच गेल्यावर मेस्सी मधोमध खेळला आणि २०११ मध्ये बार्सिलोना पुन्हा युरोपात जिंकला. इब्राहिमोविचनेही त्याच मोसमात एसी मिलानला इटालियन लीग मिळवून दिली. "खेळ कुणाचाच गेला नव्हता रे," मी लंबूला सांगितलं. "तुझाही नाही."

भिंतीपलीकडे जेवणाच्या सुट्टीत माग थांबले होते. खोलीत एकदम शांतता झाली.

निळ्यांच्या कप्तानाने हात वर केला. "सर, पहिला मान आमचा ना? मग डावरा परत द्या."

या वेळी मी रजिस्टरात काही लिहिलं नाही. डावऱ्याला विचारलं, "जाशील का?"

त्याने बराच वेळ घेतला. मग लंबूकडे बघत म्हणाला, "लंबू तिथंच राहणार असंल तर जातो."