वैद्यकीय विद्यार्थ्यांचा मोबाईल आणि लसीची शंका

लसीविषयीची शंका म्हटली की आपल्याकडे लगेच तांड्यावरची किंवा मेळघाटातल्या एखाद्या गावातली निरक्षर आई डोळ्यांसमोर आणली जाते. विदर्भातल्या एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिन हा सामाजिक आरोग्याचा विषय शिकवताना मला मात्र ही शंका अधिक वेळा एमबीबीएसच्या बाकावर भेटली आहे, आणि तिथे ती चांगली शास्त्रीय भाषा बोलते: ‘सर, फेज थ्रीचा डेटा कुठे आहे?’

हा प्रश्न मुळात गैर नव्हता. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी परवानगी मिळाली तेव्हा मानवी चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेची आकडेवारी हाती आलेली नव्हती, आणि १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाले तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांना, ओघाने वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही, लस निवडण्याची मुभा नव्हती. उत्तर शोधायला विद्यार्थी शिक्षकांकडे न येता टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामकडे वळले. ज्या ग्रुपवर पीजीच्या प्रवेश परीक्षेच्या नोट्स येतात त्याच ग्रुपवर लसीचे व्हिडिओही येतात, त्यामुळे नोट्सवरचा विश्वास नकळत व्हिडिओंनाही मिळतो. पुढे ती आकडेवारी आली, परिणामकारकता ७७.८ टक्के निघाली, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आली, परंतु आधीचा व्हिडिओ पाहिलेल्या किती जणांनी ती वाचली असेल, याबद्दल मला फारशी आशा नाही.

२०२१ मध्येच देशातील २२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांमधल्या १,०६८ वैद्यकीय विद्यार्थ्यांचे एक सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यात १०.६ टक्के विद्यार्थी कोविडच्या लसीबाबत साशंक आढळले. आकडा तसा मोठा नाही. मला महत्त्वाचे वाटले ते पुढचे निरीक्षण: साशंक विद्यार्थी समाजमाध्यमांतून अधिक आणि आपल्या महाविद्यालयातील शिक्षकांकडून कमी माहिती घेत होते. दोष केवळ मोबाईलवर ढकलून आम्हा शिक्षकांना मोकळे होता येणार नाही.

समाजमाध्यमांवरचा मजकूर बहुधा सपशेल खोटा नसतो, आणि म्हणूनच तो शिकलेल्या मुलांना पटतो. २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात रक्ताच्या गुठळ्यांच्या अतिदुर्मीळ दुष्परिणामाची कबुली दिल्याची बातमी आली, तेव्हा त्याच कंपनीची लस कोव्हिशिल्ड या नावाने घेतलेली मुले दडवलेले गुपित फुटल्यासारखी घाबरली. वस्तुतः युरोपीय औषध नियामकाने हा दुष्परिणाम एप्रिल २०२१ मध्येच जाहीर नोंदवला होता आणि तो प्रामुख्याने लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उद्भवतो, हेही माहीत होते. लस घेऊन तीन वर्षे झालेल्या विद्यार्थ्याने त्या भीतीने रक्ततपासणी करून घेण्याला काही अर्थ नव्हता. पण रीलमध्ये कालावधी सांगितलेला नव्हता.

याचा परिणाम गावात कसा दिसतो ते मी एका अंगणवाडीतल्या लसीकरण सत्रात पाहिले. लस टोचल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली व ती कोणत्या आजारापासून वाचवते, कोणता त्रास होऊ शकतो व तेव्हा काय करायचे, पुढच्या वेळी कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवायचे. आमच्या इंटर्नने पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्रित लस, दिल्यावर पहिली, तिसरी आणि चौथी गोष्ट नीट सांगितली, दुसरी गाळली. बाळाच्या आजीने विचारलेच, ‘ताप येईन का वो डॉक्टरबाई? मोबाईलात तं काय काय दाखवते.’ इंटर्न म्हणाली, ‘काही होत नाही.’ आता पेंटामधल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे ताप येणे अगदी नेहमीचे आहे. रात्री बाळ तापले की डॉक्टरबाई खोटी आणि मोबाईल खरा ठरणार. नंतर विचारले तेव्हा कळले की तिने स्वतःच तसले व्हिडिओ पाहिले होते आणि विषय निघाला तर आपल्यालाच उत्तर देता येणार नाही, अशी तिला धास्ती होती.

आमच्या भागात तर लसीबद्दलच्या अशा प्रश्नांमागे आणखी एक घटना आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात बारा बालकांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बचावली. ही अफवा नाही, घडलेली गोष्ट आहे, आणि एखाद्या आईने ती काढली तर ‘तसे काही नसते’ म्हणणारा इंटर्न पुढचे सगळे बोलणे वाया घालवतो. ती चूक कुपी न तपासता डोस पाजणाऱ्यांची होती, लसीची नव्हती, हे सांगून कुपीवरचे लेबल आणि लस उष्णतेने खराब झाली का ते रंग बदलून दाखवणारा चौकोन त्या आईला दाखवणे जास्त उपयोगी पडते.

आमच्या तोंडी परीक्षेत अजूनही लसीकरणाचे वेळापत्रक धडाधड म्हणून दाखवले की गुण मिळतात. त्याऐवजी व्हॉट्सॲपवरचा एखादा मजकूर पुढ्यात ठेवून त्यातले खरे किती आणि वाढवलेले किती, हे गावातल्या आईला सांगावे तसे बोलायला लावावे, असे मी विभागात मांडले. काही सहकाऱ्यांना हे परीक्षेच्या इभ्रतीला शोभणारे वाटत नाही, तर काहींची अडचण गुण कसे द्यायचे ही आहे. दहापैकी चार गुण दुष्परिणाम न विचारता स्वतःहून सांगण्यासाठी राखावेत, अशी माझी सूचना आहे.