शिवपूरच्या बागेत फसलेला साग

नागपूरहून हावड्याला थेट गाड्या असल्यामुळे शिवपूरचे आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यान आपल्याकडच्या पुष्कळांनी पाहिलेले असते, आणि परतल्यावर त्यांच्या तोंडी तिथल्या वडाचेच कौतुक असते. मला मात्र विदर्भातला माणूस म्हणून तिथल्या सागाची हकिकत अधिक मोलाची वाटते.

कर्नल रॉबर्ट किड यांनी १७८७ साली हुगळीकाठी ही बाग उभारली ती शोभेसाठी नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीला जहाजबांधणीसाठी साग हवा होता आणि मसाल्याची झाडेही हवी होती. सागाचा प्रयोग तीसेक वर्षे चालला आणि फसला. आलापल्लीचे जंगल पाहिलेल्याला त्याचे कारण सांगावे लागणार नाही: सागाला पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते, आणि गंगेच्या गाळात ती कुठून मिळणार? पुढे सागाखालची जमीन बिशप्स कॉलेजला देण्यात आली. विषुववृत्तीय मसाल्यांनीही तिथे जीव धरला नाही.

बागेचे नाव झाले ते वेगळ्याच कामामुळे. १७९३ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतीय वनस्पतींची पद्धतशीर वर्णने लिहिली आणि भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक चित्रे काढून घेतली. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे कुठे नोंदलेली नाहीत, ही गोष्ट मला खटकते. आपल्या तेंदूचे आणि बिजाचे शास्त्रीय नाव रॉक्सबर्ग यांनीच ठेवलेले आहे. चारोळीच्या प्रजातीला त्यांच्यानंतर अल्पकाळ बाग सांभाळणाऱ्या बुकॅनन यांचे नाव आहे. १८३०च्या दशकात चीनमधून आणलेले चहाचे बी याच बागेत रुजवून त्याची रोपे आसाम, कुमाऊँ आणि निलगिरीकडे पाठवण्यात आली. इथल्या केंद्रीय वनस्पतिसंग्रहालयात आज सुमारे वीस लाख वाळवलेले नमुने आहेत, जे सहलीला येणाऱ्यांच्या सहसा गावीही नसतात.

वडाबद्दल एवढेच सांगतो की त्याला मूळ खोडच उरलेले नाही. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत त्याची मोडतोड झाली, मग बुरशी शिरली, आणि १९२५ मध्ये कुजलेले खोड कापून काढावे लागले. आज ते झाड तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर उभे आहे आणि त्याच्याभोवती बांधलेल्या रस्त्याच्याही बाहेर पसरले आहे. २०२० च्या अंफान वादळातही त्याच्या काही पारंब्या कोसळल्या.

सुमारे १०९ हेक्टरांच्या या बागेत फांद्या फुटणारा ताड आहे, दर्याई नारळ आहे आणि परातीएवढ्या पानांचे व्हिक्टोरिया कमळही आहे. पण मन रमते ते बंगाली लोक ज्याला ‘पागला गाछ’ म्हणतात त्या झाडापाशी. त्याचे एक पान हृदयाकृती, शेजारचे वेडेवाकडे कातरलेले, तर तिसरे एका बाजूने खाल्ल्यासारखे. एकासारखे दुसरे सापडत नाही. हाताशी एकच सकाळ असेल तर आधी हे झाड शोधावे. वड काही चुकायचा नाही.