तुम्ही विचारलंत म्हणून: गंज घासून पुट्टी भरली तर चालेल का?

जुनी गाडी मी स्वतः दुरुस्त करतो हे कळलं की लोक हमखास विचारतात, दाराखाली किंवा चाकाच्या वर जरासा गंज आलाय, घासून पुट्टी भरून रंग मारला तर चालेल ना? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, खडा लागून रंग उडाला आणि तिथे नुसता तांबूस थर आला असेल तर घासून प्रायमर आणि रंग मारा, खुशाल चालेल. पण रंगाखाली फोड आला असेल तर नाही चालणार, आणि का नाही ते मी स्वतःच्या गाडीवर बघितलंय म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

मागच्या चाकाच्या कमानीवर फोड आला होता, करंगळीच्या नखाएवढा. बाकी रंग चकचकीत. बोटाने दाबला तर सुकलेलं पान दाबल्यासारखी करकर झाली. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून जरा जोर दिला तर ते सरळ आत गेलं, पार मुठीपर्यंत. मग ग्राइंडरला वायरचा ब्रश लावून रंग काढला तर खाली पत्रा नव्हताच. बोटभर जाडीची पुट्टी होती, पुट्टीमागे जाळी, जाळीमागे वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला, आणि तो बोळा ओलाचिंब. माझ्याआधी कुणीतरी ते "काम" करून दिलं होतं, आणि त्या ओल्या कागदाने शेजारचा चांगला पत्राही खाल्ला होता, सगळं सडकं कापून काढलं तेव्हा दोन तळहात मावतील एवढं भोक झालं. त्या दिवशी खरंच खूप वाईट वाटलं, कारण पहिल्यांदाच नीट केलं असतं तर काडेपेटीएवढ्या ठिगळात भागलं असतं.

बाहेर दिसणारा फोड म्हणजे बऱ्याचदा गंजाचं शेवटचं टोक असतं. सुरुवात आतून होते, जिथे दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेलं, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी जोडलेलं असतं तिथे, कारण त्या सांध्यात पाणी शिरतं आणि वाळत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो फुगून सांधा उघडतो, मग अजून पाणी शिरतं. बॉडीचा पत्रा साधारण 0.7 ते 1 मिलिमीटर जाडीचा, त्याला संपायला कितीसा वेळ लागणार. त्यात समुद्राची हवा किंवा बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ असेल तर हे सगळं आणखी लवकर होतं.

म्हणून मी आधी ग्राइंडर उचलत नाही, आधी पाणी कुठून येतंय ते शोधतो. दारात पाणी जातंच, काचेच्या रबरामधून ते आत उतरणार हे गाडी बनवणाऱ्यांनी धरलेलंच असतं आणि त्यासाठी दाराच्या तळाशी बारीक भोकं ठेवलेली असतात. ती माती आणि पानांच्या चोथ्याने बुजतात आणि दार आतून टाकीसारखं भरतं. पुढच्या काचेखालची पन्हळ तशीच, सनरूफच्या नळ्या तशाच. गाडीतलं कार्पेट वरून कोरडं लागतं पण त्याखालचा नमदा महिनोन्‌महिने पाणी धरून ठेवतो, तो उचलून खाली हात घालून बघा. बॅटरीच्या ट्रेचं कारण मात्र वेगळं, तिथे ॲसिड पत्रा खातं, तर आधी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं आणि मगच पुढचं काम.

मग कापायचं. इथे हात आखडता घेतला की काम वाया जातं. चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, कारण कागदासारख्या पातळ झालेल्या कडेला वेल्डिंग टिकतच नाही, वेल्डिंगची ज्योत लावली की कड वितळून मागे सरकते आणि भोक वाढत जातं. ठिगळ त्याच जाडीच्या पत्र्याचं घ्यायचं, आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून, कोपरे गोल ठेवून. मिगला, म्हणजे तार आपोआप पुढे सरकणाऱ्या वेल्डिंग मशीनला, मी 0.6 मिलिमीटरची वायर वापरतो आणि सलग रेघ कधीच ओढत नाही, एक टाका इथे, पुढचा समोरच्या बाजूला, मग मधे थांबायचं, हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं, मग पुढचा. घाई केली की पत्रा उष्णतेने लाटेसारखा वाकतो आणि तो सरळ करण्यात वेल्डिंगच्या दुप्पट वेळ जातो. ठिगळाच्या पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर कडेचा थर आधी घासून काढा, त्याचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

आणि हे अगदी कळकळीने सांगतो, वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, मागच्या बाजूचं कार्पेट, फोम, वायरिंग काढा, पेट्रोलची पाइप कुठून गेलीय ते बघा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा, एक माणूस पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला उभा करा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तरी गाडी सोडून जाऊ नका, कारण आतला नमदा धुमसत राहतो आणि बाहेरून काही कळत नाही.

दाराखालचा पत्रा, ज्याला बरेच जण रनिंग बोर्ड म्हणतात, तो गेला असेल तर मामला वेगळा. वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसलेल्या गाडीत तोच भार पेलतो, तो कापला की गाडी मधे खचू शकते आणि मग दारं लागत नाहीत. म्हणून गाडीला नीट आधार द्या, एका वेळी एकच बाजू कापा, आणि पक्कं वेल्डिंग करायच्या आधी दार बसवून चहूबाजूंची फट सारखी येतेय का ते बघा. सस्पेन्शन जिथे बसतं किंवा सीटबेल्ट जिथे आवळलेला असतो तिथला गंज मी शिकाऊ हाताने करू नका असंच सांगेन, तिथे माणसाचा जीव टांगलेला असतो, ते काम मुरलेल्या वेल्डरकडेच द्या.

गंज काळा करणारं जे द्रव मिळतं, रस्ट कन्व्हर्टर, त्याबद्दलही खूप जण विचारतात. त्यात फॉस्फरिक किंवा टॅनिक ॲसिड असतं, घट्ट धरलेल्या पातळ गंजावर ते चांगलं चालतं. पापुद्रे सुटलेल्या गंजावर मात्र ते वरच्या वर राहतं आणि खाली काम चालूच. पुट्टीचंही तसंच, मला पुट्टीचा राग नाही, वेल्डिंगवरून पातळ हात फिरवायला तीच लागते, पण ती पाणी पिते, म्हणून आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टी, आणि ती कोरडीच घासायची.

आता जे बहुतेक लोक विसरतात ते. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या मागचा रंग जळतो, म्हणजे बाहेरून आरशासारखं काम झालं तरी आत नागडं लोखंड उरतं आणि दोन-तीन वर्षांत त्याच जागी पुन्हा फोड येतो. सांध्यावर सीलर लावा, रंग पूर्ण सुकू द्या, आणि मग पोकळीत लांब नळीने पातळ मेण मारा, कॅव्हिटी वॅक्स म्हणतात ते, भोकांतून थेंब गळायला लागेपर्यंत. गळून झालं की तारेने भोकं पुन्हा मोकळी करा. खालून जाड काळं रबरासारखं कोटिंग मारून घ्यायचा आग्रह कुणी केला तर आधी खालचा गंज निघालाय ना ते डोळ्यांनी बघा, नाहीतर त्या कोटिंगमागे ओल अडकते आणि पुढची कित्येक वर्षं कुणाला पत्ताच लागत नाही.

माझ्या त्या कमानीच्या आतल्या बाजूला रबराचं एक बूच आहे. वर्षातून एकदा ते काढतो, टॉर्च मारतो, बोट घालून बघतो. मेण अजून चिकट लागतं, बोटाला तपकिरी काही येत नाही. बूच परत दाबतो आणि दुसऱ्या बाजूचं काढतो.