आज दहाव्याला जाऊन आलो

शाळेतला दोस्त, वय ४१, लिव्हर गेलं. शेवटचा भेटला तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, तरी म्हणे काही नाही बे, ॲसिडिटी आहे. चंद्रपुरात २०१५ ला दारूबंदी झाली तेव्हा वाटलं आता सुटेल, तर हा चोरून येणारी डबल भावाची घ्यायला लागला, २०२१ ला बंदी उठली मग काय, मोकळंच रान. हात थरथरायचे म्हणून सकाळी चहाच्या आधी पव्वा. एकदम बंद केली की झटके येऊ शकतात हे आम्हाला कुठं माहीत, वहिनीनं बाटल्या फोडल्या न् तिसऱ्या दिवशी ॲडमिट. आज पिंडाला कावळा शिवेना तर कोणीतरी शेजारी पव्वा आणून ठेवला, दोघंतिघं हसलेपण. वहिनी उठून आत गेली.