लोफोतेनचा नकाशा मांडून बसलोय
आजचा अख्खा रविवार नॉर्वेच्या नकाशात गेला. पुढच्या जूनमध्ये दादा-वहिनी, आम्ही दोघं आणि मुलं मिळून लोफोतेन बेटांपाशी आठवडाभर शिडाची यॉट भाड्याने घ्यायचं ठरतंय. निघायचं स्वोल्वेरहून. गाव 68 अंश उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, आणि जूनभर तिथे सूर्य मावळतच नाही!

तिथलाच कप्तान सोबत हवा, यावर मी ठाम आहे. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. सागरी नकाशातले खोलीचे आकडे वाचले की कारण पटतं. फियोर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, कड्याला खेटूनही पाणी इतकं खोल, की नांगर टाकायला जागा शोधावी लागते. म्हणजे रात्री बोट बांधायचे धक्के आधीच ठरवून ठेवायचे. मोस्केनेस बेटाच्या दक्षिण टोकाला भरती-ओहोटीचा प्रचंड ओढा असतो, भोवरे उठतात. तिकडे मुलांना घेऊन मुळीच जायचं नाही.

त्रोलफियोर्ड मात्र हवाच. लांबी 2 किलोमीटर, तोंडाशी रुंदी जेमतेम 100 मीटर, दोन्ही अंगांना सरळसोट कडे. बेटांवर लाकडी मांडवांवर कॉड वाळवतात, हे कळल्यावर वहिनी भलतीच खूश. तिचं माहेर हर्णैचं, बोंबील वाळताना बघतच वाढलेली.

तिकडे बोटीवर राहून आलेलं कुणी आहे का इथे? केबिनमध्ये रात्री थंडी कितपत वाजते, लहान मुलांना बोट लागते का, आणि किराणा स्वोल्वेरलाच भरून घ्यावा का, जरूर कळवा.