वाळवंटी ग्रहावरचा बुद्धिबळाचा संच

फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्यून’ या कादंबरीवर बेतलेला बुद्धिबळाचा संच घडवायला घेतला, तेव्हा सर्वांत आधी एक नियम ठरवला: मोहरा कथेतला कोण आहे हे कळण्याआधी तो पटावर कसा चालतो हे कळले पाहिजे. अशा अनेक संचांतले मोहरे देखणे असतात, पण घड्याळ लावून खेळायला बसले की उंट कोणता आणि वजीर कोणता हे ओळखण्यातच वेळ जातो. १८४९ पासून चालत आलेली स्टाँटन घडण, म्हणजे स्पर्धांत वापरली जाणारी मोहऱ्यांची प्रमाण घडण, जगभर टिकली ती स्पष्टतेमुळे. म्हणून उंचीसाठी मी फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, शिफारशीच पाळल्या आहेत: राजा ९.५ सेंटिमीटर, वजीर ८.५, उंट ७, घोडा ६, हत्ती ५.५ आणि प्यादे ५.

माझा सर्वाधिक जीव गुंतला तो हत्तीत. वाळू फाडत थेट चालून येणाऱ्या अजस्र वाळूकृमीला हत्तीची सरळ चाल शोभते, आणि बुरुजाचा खाचा पाडलेला गोल माथा हेच त्याचे वासलेले तोंड होते. खाचांमधले उंचवटे आत वळवून टोकदार केले की दात तयार. पटाची एक बाजू कथानायकाच्या अट्रेडीस घराण्याची, तर दुसरी त्यांच्या शत्रूंची, हार्कोनेन घराण्याची. हार्कोनेनांच्या ताब्यात कृमी कधीच नव्हते, म्हणून त्यांचा हत्ती म्हणजे वाळूतून ‘मसाला’ हा त्या ग्रहावरचा मौल्यवान पदार्थ उपसणारे अवजड यंत्र. कृमीने ते यंत्र गिळण्याचा कादंबरीतला प्रसंग त्यामुळे हत्तीने हत्ती मारताच पटावर घडतो.

उंट म्हणजे मेंटॅट, संगणकासारखी आकडेमोड करणारे सल्लागार, कारण ते दोन्ही घराण्यांच्या पदरी आहेत. घोड्याच्या जागी पंख फडफडवत उडणारे ऑर्निथॉप्टर आहे; मात्र पसरलेले पंख शेजारच्या घरात घुसतात आणि मोहरा पडला की मोडतात, म्हणून ते मिटून घोड्याच्या मानेसारखे मागे बाकदार घेतले.

प्यादी फ्रेमेन या वाळवंटातल्या रहिवाशांची. घाम आणि श्वासातली वाफ गाळून पुन्हा पिण्याजोगे पाणी करणारा त्यांचा पोशाख, नाकाशी आलेली त्याची बारीक नळी, हे सारे कातकाम केलेल्या पाच सेंटिमीटरच्या लाकडावर कोरणे किचकट आहे, तरी ती नळी मी गाळणार नाही. उन्हाळ्यात नळाची वाट पाहत दिवस मोजणाऱ्या सोलापुरात वाढलेल्या वाचकाला ही कादंबरी आपली वाटते ती पाण्याच्या या हिशेबामुळेच.

एका बाजूला वाळूच्या रंगाचे हळदू आणि दुसऱ्या बाजूला शिसव, अशी लाकडे निवडली आहेत. पट मात्र इथल्या जॅकार्ड मागावर विणून घ्यायचा आहे, चादरीवरच्या भौमितिक नक्षीची किनार देऊन. चादरीची नेहमीची जाड वीण मोहऱ्यांना डुलवते. त्यामुळे सूत बारीक घेऊन कापड प्लायवुडवर ताणून बसवावे लागेल. घर ५.५ सेंटिमीटरचे ठेवले आहे आणि प्याद्याची बैठक त्याच्या निम्म्याच्या आत बसते, त्यामुळे मोहऱ्यांची गर्दी झाली तरी बोटांना जागा राहील.