काम काय करता, हे कुणी विचारलंच नाही

गाय सातव्या महिन्यात गाभडली, वार पडत नाही, असा फोन आला तेव्हा उजाडलंही नव्हतं. मी जनावरांचा डॉक्टर, असे फोन नेहमीचे. खांद्यापर्यंतचे प्लॅस्टिकचे मोजे चढवून गाय तपासली. सहज सुटून आली तेवढीच वार काढली, बाकीची ओढली नाही. तोवर माझ्या मदतनिसाने मेलेला गर्भ उचलून गोठ्याबाहेर नेला होता. उघड्या हातांनी, छातीशी धरून. पेंढ्यावरचा सगळा राडाही त्यानेच खराट्याने लोटला. मी ते पाहत होतो. मोज्यांची दुसरी जोडी माझ्या पेटीत होती.

ती दुसरी जोडी पेटीतच राहिली, म्हणून हे लिहितोय.

तीन आठवड्यांनी त्याला ताप आला. सकाळी माणूस ठीक, संध्याकाळी अंग तापलेलं, रात्री घामाने अंथरूण चिंब. घामाला ओल्या, कुबट गवतासारखा वास येतो, असं त्याची बायको सांगायची. चार-पाच दिवस ताप यायचा नाही, मग पुन्हा सुरू. आधी फ्लू म्हणून औषध झालं, मग टायफॉइड म्हणून. गोळ्यांनी थोडं बरं वाटायचं आणि तेवढ्यानेच सगळे निर्धास्त व्हायचे. दोन ठिकाणी दाखवलं, पण काम काय करता, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. तापाचा आणि गोठ्याचा संबंध त्याच्या मनात येणार तरी कसा? तो माझ्या मनात यायला हवा होता.

पुढे कंबर धरली. खाली बसलेला माणूस आधाराशिवाय उठेना. एक दिवस त्याने मला बाजूला घेऊन, मान खाली घालून सांगितलं की एक वृषण सुजलंय. लाजेपोटी आठवडाभर त्याने हे घरीही सांगितलं नव्हतं. ऐकताक्षणी माझ्या डोळ्यांसमोर वळू आला. ब्रुसेला म्हणजे जनावरांना गाभडवणारा आणि त्यांच्यापासून माणसालाही लागणारा जिवाणू, आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. त्याची लागण झालेल्या वळूची वृषणं अशीच सुजतात, ते मी कितीदा तपासलंय. जनावरात जे एका नजरेत ओळखलं असतं, ते रोज माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसात मला दिसलं नाही.

त्याच दिवशी मी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो आणि गाभडलेल्या गायीपासून सगळं सांगितलं. रोझ बेंगॉल ही ब्रुसेलासाठीची रक्ताची झटपट चाचणी लगेच पॉझिटिव्ह आली. रक्त कल्चरला, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून पाहायला, पाठवताना प्रयोगशाळेला संशय आधीच कळवला, कारण हा जिवाणू हवेतून फार थोड्या संख्येनेही लागण करतो आणि तिथे काम करणारी माणसं आजारी पडतात. औषध दोन गोळ्यांचं: डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, सलग ६ आठवडे. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ते आधी सांगितलं नसतं तर तो पहिल्याच दिवशी घाबरला असता. तिसऱ्या आठवड्यात ताप गेला आणि तो म्हणाला, साहेब, आता कशाला गोळ्या? मी त्याला समजावलं की हे जिवाणू आपल्याच पांढऱ्या पेशींच्या आत लपून बसतात. औषध मध्येच सोडलं तर ते पुन्हा डोकं वर काढतात.

हे जुनंच दुखणं आहे. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक अशाच तापाने झिजत होते. १८८७ मध्ये ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जिवाणू वेगळा काढला. तो येतो कुठून, हे मात्र १९०५ पर्यंत कळलं नाही. माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा धडधाकट दिसणाऱ्या शेळ्याच बाधित निघाल्या. १९०६ मध्ये सैनिकांचं शेळीचं दूध बंद झालं आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने ओसरला.

मला या गोष्टीतलं ‘धडधाकट’ फार महत्त्वाचं वाटतं. बाधित गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढची वेतं सुरळीत होतात, दूध नेहमीसारखंच दिसतं, वास नाही, चव बदललेली नाही. त्या गोठ्यातल्या बाकी जनावरांचं रक्त तपासलं तर आणखी दोन गायी बाधित निघाल्या, आणि त्यातली एक कधीच गाभडली नव्हती. मालकाला ते पटायला वेळ लागला. घरातली मुलं त्याच गायीचं निरसं दूध पीत होती. ते थांबवलं. दूध नीट उकळलं की हा जिवाणू मरतो, ही त्यातल्या त्यात सोपी गोष्ट. अवघड आहे तो गोठा. गायीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो, तो या जिवाणूला इतका मानवतो की गाभडताना पडलेली वार, गर्भ आणि पाणी त्याने नुसतं भरलेलं असतं. हातावरची बारीक चीरही त्याला पुरते.

कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलावरची स्ट्रेन १९ लस देतात. त्या गोठ्यातल्या निरोगी कालवडींना मी ती दिली, मोजे आणि चष्मा घालून. लस जिवंत जिवाणूंची असते, सुई स्वतःला टोचली तर आजार होऊ शकतो. आधीच बाधित झालेली गाय मात्र त्या लसीने बरी होत नाही.

मदतनीस आता कामावर परतलाय. सकाळी कंबर अजून आखडते, चार पावलं चालल्यावर सुटते. गेल्या महिन्यात एक शेळी गाभडली. मोजे, मास्क, गमबूट चढवून होईपर्यंत तो गोठ्याच्या दारातच थांबला, मी घाई करत असताना मलाही त्याने थांबवलं. खोल खड्डा खणून वार आणि गर्भ चुना टाकून पुरले, वरून दगड रचले. कुत्रं त्याने आधीच लांब नेऊन बांधलं होतं.